अंबरखाना : पन्हाळ्याच्या तीन कोठ्या

पन्हाळ्याला येणारा पाहुणा आधी तीन दरवाजा बघतो, सज्जाकोठीच्या वरच्या मजल्यावर वारा खातो, अंधारबावेच्या पायऱ्या उतरतो, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी थांबतो. अंबरखान्याकडे तो वळतो तो बहुधा परतताना, गाडीवाला घाई करत असताना. आत एक फेरी, घुमणारा आवाज ऐकायला दोन हाका, की झाले, बाहेर. एवढ्या प्रचंड वास्तूच्या वाट्याला गडावरचा सर्वांत कमी वेळ येतो. मला हे फार वर्षांपासून खुपते.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास द्यायचा रिवाज आहे. संस्था म्हटली की डोळ्यांपुढे येतात जबाबदार माणसे, त्यांना घालून दिलेले नियम, हिशेबाची वही आणि कामकाजाची जागा. अंबरखान्यात हे सगळे होते. माणसे गेली, वह्या गेल्या, नियम कागदावर उरले. जागा मात्र जवळजवळ जशीच्या तशी उभी आहे. म्हणून या संस्थेचा इतिहास दगडावरूनच वाचावा लागतो, आणि तो वाचता येतो असा माझा अनुभव आहे.

आधी नावाचे बोलू. आपण सर्रास ‘अंबरखाना’ म्हणतो आणि मनात आकाश येते. मूळ शब्द फारसी ‘अंबार’, म्हणजे ढीग, रास, साठा. अंबारखाना म्हणजे राशीचे घर, कोठार. जुन्या मराठी कागदांत ‘अंबारखाना’ असेच लिहिलेले आढळते. बोलताना मधला काना गळला आणि कोठाराला आभाळाचे नाव मिळाले. पन्हाळ्याच्या लोकांच्या तोंडी हाच शब्द आहे, म्हणून मीही पुढे तोच वापरतो.

पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे 20 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 845 मीटर उंच आणि भोवतालच्या मुलखापेक्षा 400 मीटर वर. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारी ही जागा. शिलाहार राजा दुसरा भोज 1191-92 मध्ये इथे राहून कारभार करत होता, याला ताम्रपटाचा आधार आहे. पुढे 1209-10 च्या सुमारास सिंघण यादवाने शिलाहारांचे राज्य बुडवले, 1469 मध्ये महमूद गावानाने बहमनी फौज इथे आणली, आणि बहमनी राज्याचे तुकडे झाल्यावर, 1489 नंतर, पन्हाळा विजापूरकरांकडे आला. आज दिसणारा तट, दरवाजे आणि आपल्या कोठ्या यांच्यावर ठसा आहे तो या विजापुरी राजवटीचा.

अंबरखाना हा गडाच्या आतला गड होता. त्याला स्वतःचा खंदक होता, स्वतःची भिंत होती. ती भिंत आता झाडोऱ्यात गेली आहे, पण खंदकाची खोली अजून कळते. या बालेकिल्ल्यात तीन धान्यकोठ्या होत्या, सरकारी कचेऱ्या होत्या, सुभेदाराचा वाडा होता आणि टांकसाळही होती. हा शेजार पाहिला की बांधणाऱ्याचे मन उघडे होते. नाणे पाडायची जागा आणि नाचणी ठेवायची जागा त्याने एकाच खंदकाच्या आड घातली. शत्रू तट चढून गडावर आला, तरी धान्य आणि पैसा यांच्यासाठी त्याला आणखी एक खंदक ओलांडावा लागणार होता.

कोठ्या तीन : गंगा, यमुना, सरस्वती. इमारतींची धाटणी विजापुरी आणि नावे आपल्या नद्यांची. गडाने राजवटी बदलल्या, पण दाण्याला नदीचे नाव शोभते याबद्दल कोणाचे दुमत झाले नाही.

तिघींत मोठी गंगा कोठी. क्षेत्र सुमारे 950 चौरस मीटर, उंची 10.7 मीटर, म्हणजे आपल्या आजच्या तीन मजली इमारतीएवढी, पण मधे मजला नाही. बाहेरून बघताना डोळ्यांत भरते ती भिंत. खिडक्यांची रांग नाही, नक्षीचा पट्टा नाही, नुसता दगडाचा आडवा पसारा. दोन्ही अंगांनी बाहेरून पायऱ्या वर गच्चीवर जातात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटते, या पायऱ्या पहाऱ्यासाठी असतील. पहाराही होत असेल, पण त्यांचे खरे काम वेगळे होते. धान्य या कोठीत दारातून शिरत नसे. ते पायऱ्यांनी आधी गच्चीवर चढे आणि तिथून आत पडे.

आत सोळा खण आहेत. प्रत्येक खणावर स्वतंत्र चपटा घुमट, आणि प्रत्येक घुमटाच्या माथ्यावर एक भोक. डोळे अंधाराला सरावले की ती सोळा भोके दिसू लागतात. उन्हाच्या दिवशी त्यांतून उजेडाचे खांब उतरतात आणि जमिनीवर गोल पडतात. दिवस कलतो तसे ते गोल सरकत भिंतीवर चढतात. पर्यटकाला हे दृश्य फोटोसाठी आवडते. मला आवडतो त्यामागचा हिशेब.

धान्य एका जागी ओतत राहिले की त्याची शंकूसारखी रास होते. रास कितीही मोठी केली तरी तिचा उतार ठरलेला असतो, दाणा त्या उतारावरूनच घरंगळतो. एवढ्या मोठ्या दालनाला मध्यभागी एकच भोक ठेवले असते, तर रास छताला टेकली तरी चारही कोपरे रिकामे राहिले असते. भिंतीलगत धान्य पोचवायला आत माणसे उतरवावी लागली असती, फावडी चालवावी लागली असती, राशीत माणूस रुतायची भीती वेगळीच. बांधणाऱ्याने दालनाचे सोळा भाग केले आणि सोळा तोंडे दिली. प्रत्येक खणात आपली रास, प्रत्येक रास आपल्या घुमटापर्यंत. शेजारशेजारच्या राशी एकमेकींत मिसळतात आणि कोठी जवळजवळ काठोकाठ भरते. आत एकाही माणसाला उतरावे लागत नाही.

भिंती एवढ्या जाड का, याचेही उत्तर धान्यातच आहे. रिकाम्या इमारतीची भिंत फक्त छताचे ओझे वाहते. भरलेल्या कोठीची भिंत छताचे ओझे वाहतेच, शिवाय दाणा तिला आतून बाहेर ढकलत असतो. पाणी ढकलते तितके नाही, पण ढकलतो. घुमटाचा रेटाही बाहेरच्याच दिशेला. दोन्ही रेटे एकाच भिंतीवर येतात, आणि म्हणून ती भिंत धरणाच्या भिंतीसारखी जाड आणि भरीव आहे. विजापूरच्या कारागिरांचा घुमटावर किती हात बसला होता हे गोलघुमटावरून जगाला माहीत आहे. इथे त्यांनी घुमट दाखवण्यासाठी केला नाही. बाहेरून तो दिसतही नाही, वर सपाट गच्ची आहे. उंच घुमट करून जागा वाया घालवण्यापेक्षा चपटा करून धान्य वरपर्यंत भरू द्यावे, आणि गच्ची सपाट ठेवून तिच्यावर धान्य वाहणाऱ्यांना चालू द्यावे, असा हा सरळ विचार.

आणि तरीही पूर्वेचे प्रवेशद्वार पाहा. तिथे कमानीच्या छताची देवडी आहे, सज्जा आहे, चुन्यातले विजापुरी नक्षीकाम आहे. कोठाराला नक्षी कशाला, असा प्रश्न एकदा आमच्या सहलीतल्या एका मुलाने विचारला होता. मला वाटते, या दारातून धान्य मोजून बाहेर पडे. इथे माप चाले, वही चाले, अधिकारी बसे. राज्याचा शब्द जिथे दाण्याच्या रूपाने लोकांच्या हाती पडतो, ते दार राज्याला शोभेल असेच हवे.

त्याच सहलीत भुदरगडकडच्या एक आजी होत्या. गुडघे दुखत असतानाही त्या आत आल्या, मधोमध उभ्या राहिल्या, मान वर करून भोकाकडे बघितले आणि म्हणाल्या, “हे तर आमचं बळदच हाय की!” मी तोवर विजापुरी वास्तुशैलीवर पंधरा मिनिटे बोललो होतो. आजींनी एका वाक्यात त्याहून नेमके सांगितले. जुन्या वाड्यांतले बळद ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. भिंतीच्या आत किंवा माजघराच्या कडेला बांधलेली धान्याची खोली, वरून माडीतून ओतायचे आणि खालच्या लहानशा तोंडातून पाहिजे तेवढे काढायचे. खालचे तोंड लिंपून टाकले की आत वारा नाही, उंदीर नाही. गंगा कोठी म्हणजे हेच बळद, शंभर घरांचे नव्हे तर अख्ख्या फौजेचे.

आपल्याकडे धान्य ठेवायच्या रीती जमिनीप्रमाणे बदलतात. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती, जमिनीत खोल खणलेली. तिथली माती त्याला साथ देते. पन्हाळ्यावर ते शक्य नाही. वरचा थर जांभ्याचा, पावसाळ्यात गड महिनोन्‌महिने धुक्यात आणि पाण्यात. खड्डा खणला तर त्यात धान्याआधी पाणी साठेल. म्हणून पेव जमिनीवर काढून उभे केले, भिंती जाड ठेवल्या, उघडी तोंडे कमीत कमी ठेवली आणि तीही माथ्यावर, झाकता येतील अशी. ओल बाहेर राहावी म्हणून आतून चुन्याचा गिलावा. अंधार आणि गारवा तिथे आपोआप आहे. बाहेर मे महिन्याचे ऊन असताना आत पाऊल टाकले की फरक अंगाला कळतो. हा गारवा धान्यासाठी केलेला आहे.

साठवायचे काय, याची निवडही जाणत्याची आहे. भात, नाचणी आणि वरई. तिन्ही या डोंगराळ पट्ट्यात पिकतात, म्हणजे लांबून आणायची गरज नाही. भात सालीसकट ठेवला की टिकतो, लागेल तेव्हा कांडून घ्यायचा. नाचणीला कीड सहसा लागत नाही, नीट ठेवली तर वर्षानुवर्षे राहते, हे घाटमाथ्यावरच्या कोणत्याही घरात विचारावे. गहू श्रीमंताचा, पण कोठीत तो तितका धीराचा नाही. वेढ्यात चव विचारायची नसते, दाणा किती टिकेल हे विचारायचे असते.

आता त्या प्रसिद्ध आकड्याविषयी. गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावे, असे गॅझेटियरपासून माहितीफलकापर्यंत सगळीकडे सांगितले जाते. आकडा मोठा आहे म्हणून तो सांगताना आपला आवाजही मोठा होतो. पण खंडी हे माप आहे, त्याला पायलीने भागून बघितले पाहिजे. 12 पायल्यांचा मण, 20 मणांची खंडी, म्हणजे एका खंडीत 240 पायल्या. 25,000 खंडींच्या 60 लाख पायल्या झाल्या. दुसऱ्या बाजूने, 950 चौरस मीटर गुणिले 10.7 मीटर म्हणजे बाहेरून मोजलेले आकारमान सुमारे 10,165 घनमीटर, एक कोटी लिटरच्या थोडे वर. त्यात भिंतींची जाडी अजून वजा केलेली नाही. भागाकार केला तर पायलीला पावणेदोन लिटरही येत नाहीत. चार शेरांची पायली याहून पुष्कळ मोठी असते. मापे गावोगाव बदलत, हे खरे. तेव्हा माझे मत असे, की हा आकडा एक तर लहान मापाचा आहे, नाही तर तो सबंध अंबरखान्याचा आहे. एकट्या गंगेला तो आपल्या पायलीने लागू होत नाही.

पण म्हणून कोठी लहान ठरत नाही. तो आकडा पाचपट फुगलेला धरू आणि एक पंचमांशच, 5,000 खंडी, खरी मानू. माणशी रोज एक शेर धान्य धरले तर 5,000 माणसांना दिवसाला 5,000 शेर लागतात. 960 शेरांची खंडी, म्हणजे रोजचा खर्च सव्वापाच खंडींच्या आसपास. 5,000 खंडी त्यांना अडीच वर्षांहून अधिक पुरतील. आकडा कमी करूनही इमारतीचा मोठेपणा तसाच राहतो, आणि आता तो मोजून पटतो.

हा हिशेब 1660 च्या वेढ्याला लावून बघण्यासारखा आहे. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला आणि अठरा दिवसांत, 28 नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. दिवस कोणते ते लक्षात घ्या. भात आणि नाचणीची सुगी नुकतीच उरकण्याचे हे दिवस, खळ्यावरचे धान्य गडावर चढण्याचे. पुढच्या मार्चच्या आरंभी महाराज पन्हाळ्यावर आले आणि विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याचा वेढा पडला. 12 जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या पावसात, महाराज वेढ्यातून विशाळगडाकडे निघाले. मधे सुमारे 132 दिवस गेले. वरच्या दराने 5,000 माणसांचा या दिवसांचा खर्च 700 खंडींच्याही आत बसतो. जौहरने वाटा बंद केल्या, पावसाळ्यात छपऱ्या उभारून वेढा ढिला पडू दिला नाही, राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजांचे निशाण लावून गडावर तोफा डागून गेला. उपासमारीने मात्र गड झुकवता आला नाही. मोगलांचा शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला होता, महाराजांना गडाबाहेर पडणे भाग होते, ते या कारणाने. विजापूरकरांनी स्वतःच्या गडासाठी बांधलेली कोठी विजापूरकरांच्याच वेढ्याला पुरून उरली.

विशाळगडाच्या त्याच वाटेवर घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. त्या खिंडीला आपण पावनखिंड म्हणतो आणि दर आषाढात हजारो पावले पन्हाळ्यावरून तिकडे चालत जातात. निघण्याआधी त्या चालणाऱ्यांनी अंबरखान्यात डोकावावे असे मला फार वाटते. त्या रात्री जे सहाशे जण चिखलातून धावले, त्यांच्या अंगात साडेचार महिन्यांनंतरही धावण्याची ताकद होती, ती या कोठ्यांतल्या दाण्याची. महाराज गेल्यावरही गड त्र्यंबक भास्करने लढवला आणि सप्टेंबरात तहाने तो विजापूरकरांना सोपवला गेला.

अंबरखान्याला लागून धर्मकोठी आहे. ती स्वतंत्र दगडी इमारत, 55 फूट लांब, 48 फूट रुंद, 35 फूट उंच, तिलाही गच्ची आणि दारावर चुन्याचे नक्षीकाम. मोठ्या कोठीतले धान्य इथे आणून गरजूंना दिले जाई. लष्करी कोठाराच्या शेजारी दानाची कोठी, आणि ती त्याच इतमामाने बांधलेली. गडावर फक्त शिपाई राहत नसत, त्यांची बायकामुले, कारागीर, भिक्षुक, अडलेनडलेले सगळे असत. त्यांना काय द्यायचे हे वेगळ्या दारातून, वेगळ्या मापाने ठरे. दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ही दोन दारे.

माणसांविषयी आता. शिवाजी महाराजांच्या गडव्यवस्थेत गड एकट्याच्या हाती नसे. हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तिघे बरोबरीचे, आणि त्यांच्या जोडीला कारखानीस. सभासदाच्या बखरीत ही मांडणी आहे. किल्ल्या हवालदाराकडे, पहारे सरनौबताकडे, माणसांची हजेरी आणि लेखन सबनिसाकडे, आणि धान्य, वैरण, दारूगोळा या साठ्यांचा जमाखर्च कारखानिसाकडे. एकाने गड विकायचे ठरवले तर बाकीच्यांना कळल्यावाचून राहू नये, हा त्यातला हेतू आपण शाळेत शिकतो. पण कोठीच्या दाराशी उभे राहून त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. धान्य बाहेर काढायला किल्ली एकाची लागे आणि वही दुसऱ्याची. कोठीला दारे कमी आणि वरची तोंडे गच्चीवर उघड्यावर, म्हणजे चोरून भरता येत नाही, चोरून काढता येत नाही. इमारत आणि कारभार एकाच बुद्धीने बांधलेले आहेत.

हीच बुद्धी कागदावर उतरली ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, 1715 च्या सुमारास, आणि तेही करवीरच्या छत्रपतींसाठी, पन्हाळा राजधानी असताना. दुर्गांविषयीच्या प्रकरणात पंतांनी दारूच्या कोठाराबद्दल जे सांगितले आहे ते आजच्या स्फोटकांच्या गोदामालाही चालेल. दारूखाना घरांच्या जवळ नसावा. भोवती दगडी आवार असावे. आत ओल येऊ देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. पहारा कायम असावा, परवानगीवाचून कोणी जवळ जाऊ नये. धान्यकोठी बालेकिल्ल्याच्या पोटात आणि दारूकोठार वस्तीपासून लांब, हे दोन नियम उलटे वाटतात, पण दोन्हींचे कारण एकच, ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची जागा. पंत उगाच सांगत नव्हते हे सिंहगडाने दाखवले. 11 सप्टेंबर 1751 ला तिथल्या दारूच्या कोठारावर वीज पडली, गडाच्या फडणिसाचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातली माणसे दगावली.

पुढचा इतिहास लढायांचा आहे, तो इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. 6 मार्च 1673 च्या रात्री कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. 1701 मध्ये औरंगजेब स्वतः पायथ्याशी छावणी टाकून बसला, इंग्रज वकील विल्यम नॉरिस त्याला तिथेच भेटला. मोगलांच्या हातून गड लवकरच सुटला आणि ताराबाईंनी इथून कारभार केला. राजधानी असण्याच्या या काळात अंबरखाना केवळ वेढ्याची बेगमी राहिला नाही, राज्याचा रोजचा मुदपाक त्याच्यावर चालला. 1782 मध्ये राजधानी खाली कोल्हापूरला गेली. तेव्हापासून कोठ्यांची ये-जा ओसरू लागली असणार.

संस्था म्हणून अंबरखान्याचा शेवट झाला तो 1844 मध्ये. गडांवर पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करणाऱ्या गडकऱ्यांना त्याबद्दल इनाम जमिनी होत्या. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात या जमिनी मामलेदारांकडे देण्याचे ठरले. गडकरी उठले. सामानगड, भुदरगड, मग पन्हाळा. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स त्यांच्या हाती सापडला, त्याला त्यांनी पन्हाळ्यावरच कोंडले. जनरल डेलामोटची फौज आली, 1 डिसेंबर 1844 ला तट फोडून गड घेतला गेला आणि नंतर तटबंदीची मोडतोड झाली. चार दरवाजा नावाचे प्रवेशद्वार त्यात गेले. कोठ्या वाचल्या. तट पाडण्यात लष्करी मतलब होता, कोठार पाडण्यात काही मिळणार नव्हते. पण ज्यांच्या बापजाद्यांनी त्या कोठ्यांवर पहारा केला ते गडकरी संपले, आणि माणसांवाचून कोठी म्हणजे नुसती इमारत उरली.

या इमारतीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे ते हे. आपण किल्ल्यांचे प्रेम तट, बुरूज आणि तलवारीवर खर्च करतो. दरवाजा आपल्याला शूर वाटतो, कोठार आपल्याला गोदाम वाटते. पण तट गडाला किती दिवस धरून ठेवील हे कोठीत ठरत असे. जिंजीला राजाराम महाराजांनी मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे तोलला, तिथेही मोठी धान्यकोठारे आजही उभी आहेत. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांची लष्करी स्थळे म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे आणि जिंजीही आहे. या बारांच्या यादीकडे कोठारांच्या नजरेने बघितले तर मराठ्यांच्या युद्धाचा एक निराळा, सबुरीचा इतिहास हाती लागेल. कोठारांच्या मोजण्या, त्यांचे नकाशे, त्यांच्या मापांचा मेळ, हे काम आपल्या अभ्यासकांनी हाती घ्यावे. गंगा कोठीच्या आतली लांबी-रुंदी भिंतींची जाडी वजा करून नीट मोजली, तरी 25,000 खंडींचा प्रश्न कायमचा सुटेल.

आणि जे नुसते फिरायला येतात त्यांच्याकडे एक मागणे. आत गेल्यावर भिंतीवर नावे दिसतील, खिळ्याने कोरलेली, बाणाने छेदलेल्या बदामांसकट. ज्या गिलाव्याने शेकडो पावसाळे ओल बाहेर थोपवली त्याच्यावर ती कोरलेली आहेत, आणि तो गिलावा पुन्हा तसाच करणे सोपे नाही. चुना घाणीत मळून, मुरवून, हाताने घोटून बसवणारे कारागीर आता शोधावे लागतात. भिंतीवरच्या त्या नावांत तुमचे नाव नको. मुलांना घेऊन या, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग त्यांना वरची भोके मोजायला सांगा. सोळा भरली पाहिजेत. मोजून झाले की बाहेरच्या पायऱ्या दाखवा, आणि डोक्यावर पोते घेऊन त्या कोण चढले असतील ते त्यांना विचारा.